ग्रहण, पाखरं आणि खाडीची भरती

सूर्यग्रहणात पाखरं घरट्याकडे वळतात, ही समजूत जुनीच. पण त्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर गोळा झाल्या त्या १९३२ मध्ये. ३१ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणासाठी कीटकशास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांकडून निरीक्षणं मागवली आणि जवळपास पाचशे आली. अशा नोंदींत एक उणीव राहते: बदल उजेडामुळे झाला, गारव्यामुळे की माणसांच्या गलक्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

ते साधलं ११ जुलै १९९१ च्या खग्रास ग्रहणात, मेक्सिकोत. अंधारताच वसाहत करून राहणारे आठ पायांचे कोळी आपली जाळी उतरवू लागले. काही जाळ्यांवर मात्र दिवे लावून ठेवले होते, तिथले कोळी जागचे हलले नाहीत. म्हणजे कारण उजेडच. २०१७ च्या खग्रास ग्रहणात मधमाश्यांची गुणगुण टिपायला फुलांजवळ मायक्रोफोन लावले गेले. सूर्य अर्धामुर्धा झाकलेला असताना गुणगुण चालूच होती, खग्रास होताच ती थांबली.

ठाणेकरांसाठी हीच बाब महत्त्वाची. भर दुपारी सूर्यप्रकाश लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ९० टक्के बिंब झाकलं तरी दहा हजार उरतात, म्हणजे ढगाळ दिवसाइतका उजेड. २६ डिसेंबर २०१९ ला इथे ग्रहण खंडग्रासच होतं. त्यात पाखरं झोपी जाण्याची अपेक्षा करू नये. पर्जन्यवृक्षाच्या आणि लाजाळूच्या पानांची उघडमीट तर केवळ उजेड-अंधारावर नाही, आतल्या घड्याळावरही ठरते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी १७२९ मध्ये लाजाळूसारखं रोप अंधारात ठेवलं, तरी पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. प्रकाशसंश्लेषण मात्र उजेड घटताच मंदावतं.

खाडीवर फसगत होते ती भरतीमुळे. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, म्हणजे उधाणाच्या दिवसांत. इथे अमावास्येची भरती दुपारच्या सुमारास भरते. २०१९ चं ग्रहण सकाळी सव्वानऊच्या पुढे ऐन भरात होतं, तेव्हा पाणी चढतच होतं. चिखल बुडू लागला की रोहित पक्षी तसेही उठून जागा बदलतात. त्याचं श्रेय ग्रहणाला देणं सोपं, पण चुकीचं. आदल्या दिवसाशी तुलनाही पुरेशी नाही, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. ऐरोलीच्या काठावरून नोंद करायची तर मागच्या-पुढच्या अमावास्येला, घड्याळाच्या त्याच वेळी, त्याच जागेवरून दर दहा मिनिटांनी चरणारे आणि उडणारे पक्षी वेगवेगळे मोजावेत. सोबत तापमान, ढग आणि पाण्याची पातळी लिहावी.