मरणाची भीती स्वभावात असते का?

छातीत थोडं धडधडलं, की एक माणूस कूस बदलून झोपी जातो. दुसरा उठून बसतो, नाडी चाचपतो आणि आपल्यामागे घरच्यांचं काय होईल, या विचारात पहाट करतो. धडधड सारखीच, स्वभाव वेगळे.

मानसशास्त्रज्ञ स्वभाव मोजताना बहुधा पाच गुण पाहतात: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, नव्या अनुभवांची ओढ आणि चिंतातुरपणा. मरणाच्या भीतीशी सगळ्यात ठळक नातं या शेवटच्या गुणाचं आहे. ते अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. बाकी चार गुणांचे निष्कर्ष मात्र कुठे जुळतात, कुठे नाही. अर्थात चिंतातुरपणा आणि मृत्युभय मोजणाऱ्या दोन्ही प्रश्नावल्यांत काळजीबद्दलच विचारलेलं असतं, त्यामुळे हे नातं थोडंफार मोजण्याच्या पद्धतीतूनही आलेलं असू शकतं.

शिवाय भीती नेमकी कशाची? मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड टेम्पलर यांच्या मृत्युभय मोजणाऱ्या १९७० च्या प्रश्नावलीत १५ विधानं होती. प्रत्येकाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं आणि शेवटी सगळ्याचा एकच आकडा. कोलेट आणि लेस्टर यांनी मात्र १९६९ मध्येच स्वतःचं मरण आणि इतरांचं मरण वेगळं काढलं होतं. प्रत्यक्ष मरण आणि मरणापर्यंतची वाटही वेगळी. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. म्हातारपणी मरणाची भीती वाढते असं आपण धरून चालतो, पण अभ्यासांत ती मध्यमवयापेक्षा उतारवयात बहुधा कमीच आढळते. वृद्धांना धास्ती असते ती वेदनांची, अंथरुणाला खिळण्याची, कुणावर भार होण्याची.

भीती नसणंही एकाच प्रकारचं नसतं. पॉल वाँग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मृत्यूच्या स्वीकाराचे तीन प्रकार वेगळे मोजले. कुणी मरण हा जगण्याचाच भाग मानतो, कुणाची मरणोत्तर सुखावर श्रद्धा असते आणि कुणाला जगणं इतकं असह्य झालेलं असतं, की मरण सुटका वाटते. हा तिसरा माणूस वरून शांत दिसू शकतो. म्हणूनच ‘मला मरणाचं काही वाटत नाही’ असं कुणी म्हणालं, तर का वाटत नाही, हे आपुलकीने विचारायलाच हवं. त्यामागे नैराश्य असेल, तर त्यावर उपचार आहेत.

मृत्युभयावरही आहेत. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराने ते कमी होतं, विशेषतः मृत्युपत्र करणं, अंत्यविधीला जाणं अशा टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायला शिकवलं तर.