कोरलेलं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे

‘विकायला आलेल्या जुन्या वस्तूवर नौदलाच्या ॲडमिरलचं नाव कोरलंय, म्हणजे ती त्यांचीच’ असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कितीतरी घरांत फौजी आहेत. गणवेशाबद्दल आदर मोठा, म्हणून एखाद्या पितळी दुर्बिणीवर विश्वास पटकन बसतो. ते स्वाभाविकच आहे.

पण नाव कोणीही, कधीही कोरू शकतो. आधी भिंगातून खाचा पाहा. बाहेरचं पितळ काळवंडलेलं आणि खाच मात्र लखलखीत असेल, तर कोरीव काम नंतरचं असण्याची शक्यता मोठी. मग हुद्दा आणि साल जुळवा. भारतीय अधिकाऱ्याला पूर्ण ॲडमिरलचा (रिअर किंवा व्हाइस ॲडमिरलच्या वरचा) हुद्दा पहिल्यांदा १९६८ साली मिळाला. एखाद्या भारतीय नावापुढे तो ‘१९५५’ सोबत दिसला तर थांबा. २६ जानेवारी १९५० पासून नौदलाच्या चिन्हातला राजमुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले, तेही ताडून बघा.

उलटही खरं आहे. दुसऱ्या महायुद्धातले स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदकं, ब्रिटिश दलांना बिननावाचीच दिली गेली, त्यामुळे नाव नाही म्हणून पदक खोटं ठरत नाही.

मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते कागद: घरच्यांचं पत्र, जुना फोटो, सेवेची कागदपत्रं. विकणाऱ्याकडे तेच आधी मागा, आणि पत्रातलं जहाज व तारीख फोटोशी जुळते का ते पाहा.