रक्तस्राव आणि सलाईनची बाटली: एक खुलासा
सोलापूर-पुणे महामार्गावर अपघात झाला की १०८ रुग्णवाहिकेभोवती जमलेले लोक कळकळीने म्हणतात, ‘आधी सलाईन लावा’. पण गेलेले रक्त बाटलीने भरून निघते, हा समज चुकीचा आहे. सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे पाणी. त्यात ना तांबड्या पेशी, ना रक्त गोठवणारे घटक, उलट ते भराभर दिल्यास उरलेले रक्त पातळ होते, रक्तदाब चढतो आणि जखमेवर नुकतीच धरलेली गुठळी सुटू शकते. ह्यूस्टनमधील १९९४ च्या अभ्यासात धडावर गोळीच्या किंवा भोसकल्याच्या जखमा असलेल्या ५९८ रुग्णांपैकी शस्त्रक्रियेपर्यंत शिरेतून द्रव देणे थांबवलेले ७० टक्के, तर लगेच दिलेले ६२ टक्के वाचले. डोक्याला मार असल्यास मात्र रक्तदाब घसरू देऊन चालत नाही, आणि सोलापूरच्या उन्हात अंगातले पाणी आटलेल्या रुग्णाची गोष्ट तर वेगळीच. तेव्हा रुग्णवाहिकेतले डॉक्टर तळहाताने जखम दाबून धरत गाडी तातडीने हलवायला सांगत असतील, तर कृपया त्यांना बाटलीसाठी अडवू नका.