तीन परवाने आणि खंडित झालेला लसपुरवठा

बाळाच्या लशींचा तुटवडा म्हटला की जानेवारी २००८ कडे वळावेच लागते. त्या महिन्यात कसौली, कुन्नूर आणि चेन्नईतील गिंडी इथल्या तीन सरकारी लस उत्पादन केंद्रांचे परवाने एका फटक्यात निलंबित झाले. पहिल्या दोन ठिकाणी ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची एकत्र लस) बनत होती, गिंडीत क्षयरोगावरची बीसीजी. कसौलीचे काम १९०५ पासूनचे, कुन्नूरचे १९०७ पासूनचे, गिंडीचे १९४८ पासूनचे. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले तेव्हा त्याचा मोठा भार याच केंद्रांवर होता.

कारण दिले गेले ते उत्तम उत्पादन पद्धतीचे निकष न पाळल्याचे. इमारती जुन्या होत्या, निर्जंतुक कक्षांची रचना नव्या नियमांत बसत नव्हती, हे खरेच. पण दुरुस्तीसाठी पैसा आणि मुदत देणे हे मालकाचे काम, आणि इथे मालकही सरकार, परवाना देणारेही सरकार. निकष सुधारायचे होते तर एकेक विभाग बंद करून ते करता आले असते. तिन्ही एकदम थांबवण्याचे समर्थन आजही पटत नाही.

‘निलंबन’ या शब्दानेही घोळ घातला. निलंबन म्हणजे परवाना रद्द नव्हे, म्हणून कागदोपत्री केंद्रे जिवंत राहिली, कर्मचारी कामावर राहिले. पण एकही बाटली बाहेर पडत नव्हती. संसदेत आणि न्यायालयात वाद रंगला तो ‘बंद केली की नाही’ यावर. उपकेंद्रातल्या सिस्टरला त्या फरकाचा काडीचा उपयोग नव्हता.

तिची अडचण निराळी. बीसीजीची बाटली दहा डोसांची, आणि एकदा द्रावण मिसळले की चार तासांत संपवायची, उरले ते फेकायचे. साठा भरपूर असतो तेव्हा एका बाळासाठीही बाटली फोडली जाते. तंगी आली की पुढच्या सत्राला या, असे सांगावे लागते, आणि त्या आईची मजुरी पुन्हा बुडते.

खासगी कंपन्यांकडून खरेदी वाढवून पोकळी भरण्याचा प्रयत्न झाला. पण लशीचा साठा आज मागितला आणि उद्या आला, असे होत नाही. ट्रिपलच्या प्रत्येक खेपेच्या प्राण्यांवर चाचण्या होतात, त्यात महिने जातात.

निलंबन फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतले गेले. मात्र दोन वर्षे थंड पडलेले उत्पादन आदेशाने सुरू होत नाही. निकषांत बसणारा ट्रिपलचा नवा विभाग कसौलीत सुरू व्हायला २०१६ उजाडले. तोवर पेंटाव्हॅलंट, म्हणजे ट्रिपलसह पाच आजारांवरची एकत्र लस, आली होती: डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत, मग टप्प्याटप्प्याने देशभर. बाळाच्या पहिल्या तीन डोसांत ट्रिपलची जागा तिने घेतली, आणि ती या तीनपैकी एकाही केंद्रात बनत नव्हती.