वागळे ते बेलापूर: कंपन्या क्लाउडवर गेल्या त्या कुणाच्या धक्क्यानं

कंपन्या क्लाउड (म्हणजे स्वतःच्या सर्व्हरऐवजी नेटवरून भाड्यानं वापरायचे दुसऱ्याचे कॉम्प्युटर) कसा निवडतात यावर कुठेही वाचायला घ्या, खर्च, सुरक्षा, स्केल असे रकाने असतात, त्यात मार्क द्यायचे आणि शेवटी बेरीज. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असं बसून कुणी ठरवलंय असं मला तरी फारसं दिसलेलं नाही. इथं बहुतेकांना कुणीतरी ढकललंय, कधी पावसानं, कधी सीएनं, कधी रिझर्व्ह बँकेनं, आणि धक्का कुठून बसला त्यावरच कोणाचा क्लाउड घेतला हेही ठरलंय. म्हणून जरा मागून सांगतो.

एमआयडीसी १९६२ ची, ठाण्याची वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, मग टीटीसीचा पट्टा, म्हणजे रबाळे, महापे, तुर्भे वगैरे. इथल्या गाळ्यांमध्ये कॉम्प्युटर आला तो मुख्यतः हिशोबाला. टॅलीचं एक मशीन, नंतर दोन-चार मशीन लॅनवर जोडून कोपऱ्यात एक डबा 'सर्व्हर' म्हणून, शेजारी यूपीएस, आणि एएमसीवाला, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारावरचा, मुलगा महिन्यातून एकदा येऊन सीडीवर, पुढे पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन जाणार. २००५ च्या आसपासचं लोडशेडिंग आठवत असेल तर तेव्हा सर्व्हरपेक्षा बॅटरीची काळजी जास्त असायची. आणि त्याच वर्षी २६ जुलै. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस, ठाणे-कल्याणकडेही पाणीच पाणी, आणि तळमजल्यावरच्या गाळ्यात ज्याचा बॅकअप सर्व्हरच्याच कपाटात होता त्याचं दोन्ही भिजलं. डेटा दुसरीकडे कुठेतरी ठेवायला हवा हे तेव्हा पटलं होतं बऱ्याच जणांना, पण दुसरीकडे म्हणजे शेठच्या घरी, एवढंच.

गंमत म्हणजे क्लाउड त्यानंतर वर्षाच्या आतच आला. मार्च २००६ ला ॲमेझॉनचं एस-थ्री, म्हणजे डेटा ठेवायची भाड्याची जागा, ऑगस्टमध्ये ईसी-टू, म्हणजे भाड्याचे कॉम्प्युटर. पण इथं कुणी हललं नाही आणि ते बरोबरच होतं. नेट म्हणजे एमटीएनएलचं ट्रायबँड, त्यावर गावभरचा डेटा चढवणं म्हणजे रात्रभर बसा. ॲमेझॉनच्या या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, आशियातलं पहिलं रीजन (डेटा सेंटरांचा समूह) सिंगापूरला, तेही २०१० मध्ये, म्हणजे प्रत्येक एंट्री समुद्रापलीकडे जाऊन परत येणार, आणि अकाउंटंट बाईंना एंटर दाबल्यावर जरा जरी थांबावं लागलं तरी त्या सिस्टिम बदनाम करून सोडतात. वर बिल डॉलरमध्ये, क्रेडिट कार्डवर, किती येईल ते महिना संपल्यावर कळणार. आमच्याकडच्या धंदेवाल्याला जास्त बिल चालतं, पण किती ते आधी माहीत नसलेलं बिल चालत नाही.

क्लाउड शिरला तो मागच्या दारानं, ईमेलच्या. गूगलनं २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनवर जीमेल द्यायला सुरुवात केली, छोट्या कंपन्यांना फुकट, आणि 'आमचा पत्ता जीमेलचा नाही, कंपनीच्या नावाचा आहे' एवढ्यासाठी कितीतरी गाळेवाले तिकडे गेले. त्याला क्लाउड म्हणतात हेही माहीत नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये नवीन लोकांसाठी फुकट बंद झालं आणि २०२२ ला जुन्यांनाही पैशाच्या प्लॅनकडे सरकवायला लागले, तोवर सवय इतकी लागलेली की बहुतेकांनी कुरकुरत पैसे भरले. कंपन्या क्लाउड कसा स्वीकारतात याचं हे सगळ्यात खरं उत्तर आहे असं मला वाटतं: निर्णय न घेता.

खरा बदल २०१५ ते २०१७ मधला, आणि त्यात एकच कारण शोधायला गेलात तर फसाल. सप्टेंबर २०१५ ला मायक्रोसॉफ्टनं पुणे, चेन्नई, मुंबई इथं आपल्या क्लाउडची केंद्रं सुरू केली, जून २०१६ ला एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन आलं, २०१७ ला गूगलचं. अंतर संपलं, आणि भारतीय कंपनीमार्फत रुपयात बिल मिळायला लागलं, म्हणजे टॅक्सचं क्रेडिटही घेता येतं. सप्टेंबर २०१६ ला जिओ. जुलै २०१७ ला जीएसटी, मग दर महिन्याला पोर्टलवर जाणं आलंच. आणि एक गोष्ट जी टेक्नॉलॉजीवाले कधी सांगत नाहीत: एप्रिल २०१७ पासून कॉम्प्युटरवरचा इन्कम टॅक्सचा घसारा, म्हणजे किमतीतला जो भाग वर्षाला खर्च म्हणून वजा करता येतो तो, ६० टक्क्यांवरून ४० वर आला. आधी मार्चमध्ये सीए सांगायचे, नफा दिसतोय, सर्व्हर घेऊन टाका. तो सल्ला जरा पातळ झाला. भाड्याचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा होतो हे दिसल्यावर महिन्याच्या बिलाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

आणि त्याच २०१७ मध्ये नोटपेट्या हा कॉम्प्युटर व्हायरस. मे महिन्यात वॉनाक्राय हा तसाच एक व्हायरस येऊन गेलेला, ते पेपरात वाचून लोक विसरले होते. जूनअखेर नोटपेट्यामुळे मर्स्क या शिपिंग कंपनीच्या जगभरातल्या सिस्टिम बसल्या आणि न्हावा शेवाला त्यांच्या ग्रुपचं टर्मिनल होतं, तिथलं काम अडकलं, कंटेनर साचले. उरण-पनवेल पट्ट्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना, सीएचएवाल्यांना (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटांना) व्हायरस म्हणजे काय ते तेव्हा खिशातून कळलं. मर्स्कला सगळं पुन्हा उभं करायला जो एक धड डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारा मुख्य सर्व्हर) मिळाला तो घानातल्या ऑफिसात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेल्यानं तो बंद होता. लोडशेडिंगनं कुणाचं भलं केल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण. या प्रकारानंतर 'डेटा बाहेर ठेवला तर चोरीला जाईल' ही भीती संपली नाही, पण 'आत ठेवला तर सेफ' हा समज मात्र गेला.

त्यानंतरचे धक्के कागदी. एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं पेमेंटचा डेटा फक्त भारतातच ठेवा म्हणून सहा महिन्यांची मुदत दिली. हे वागळेतल्या सॉफ्टवेअरवाल्याला थेट लागू नव्हतं, पण त्याचा क्लायंट बीकेसीतली बँक असेल तर तिथून लांबलचक एक्सेल यायचं, डेटा कुठे, लॉग (सिस्टिममध्ये कोणी काय केलं त्याच्या नोंदी) किती दिवस, ऑडिट कोण करतं. ते भरता यावं म्हणून लोकांनी ब्रँडेड क्लाउड घेतला. तांत्रिकदृष्ट्या गरज होती का, तर नेहमी नव्हती, पण मोठ्या नावाकडे सर्टिफिकेटं तयार असतात आणि एक्सेलमध्ये नुसतं चिकटवायचं असतं. ऑगस्ट २०२२ ला कंपनी कायद्याच्या नियमात बदल होऊन हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, तोही भारतातल्या सर्व्हरवर, असं आलं. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा ५०० कोटींपासून उतरत उतरत ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर आली, मग तर रबाळ्यातला पॅकेजिंगवालाही त्यात.

मधे कोविड, त्यावर काय बोलणार, सगळे टॅलीसाठी घरून रिमोटवर, म्हणजे ऑफिसातलं मशीन लांबून चालवत. पण १२ ऑक्टोबर २०२० लोक विसरतात. कळवा-पडघा लाइनचा बिघाड, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे अंधार, लोकल बंद. घरून काम चाललेलं आणि ऑफिसातला सर्व्हर झोपलेला, तो सुरू करायला जाणार कोण आणि कसं? माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी त्या दिवाळीच्या आधीच डबा हलवला.

हलवला म्हणजे कुठे, तर इथंच. छोट्यांचा 'टॅली ऑन क्लाउड' म्हणजे बऱ्याचदा महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधलं भाड्याचं विंडोज मशीन आणि त्यावर रिमोट डेस्कटॉप, विकणारा ओळखीचा, फोन उचलणारा. ही सेंटरं इथं आली ती मुंबईत समुद्राखालच्या केबल उतरतात म्हणून, एमआयडीसीची जमीन आणि वीज मिळते म्हणून. पनवेलला हिरानंदानींच्या योट्टाचं पहिलं सेंटर २०२० मध्येच उघडलं. ॲमेझॉनचा मोठा सेटअप मिळत असताना लोक लोकल रिसेलरकडे का जातात असं पुण्याच्या एका मित्रानं विचारलेलं. अरे, ऑक्टोबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम बदलले, तेव्हा पाच हजारांवरच्या दर पेमेंटला ओटीपी लागायला लागला, किती जणांची कार्डं महिन्याच्या बिलाला फेल गेली. रिसेलर चेक घेतो, उधारी देतो.

आता वारं थोडं उलटं आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांचं कारण होऊन मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, काही दिवसांत सेवा परत आल्या. पैसे भरलेले असूनही समोरचा बटण दाबू शकतो हे बघून मोठ्या कंपन्यांचे आयटीवाले बाहेर कसं पडायचं ते विचारायला लागलेत. २०२४ मध्ये गूगल, एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्ट तिघांनीही सोडून जाणाऱ्यांना डेटा बाहेर काढायचं शुल्क माफ केलं, त्यामुळे हा प्रश्न निदान विचारता तरी येतो. बँकांना तर रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांनी एक्झिट प्लॅन करून ठेवणं सक्तीचंच आहे. गाळेवाल्याला मात्र असं कुणी विचारत नाही, त्याचा सगळा हिशोब ज्या रिसेलरच्या मशीनवर आहे त्याच्याशी लेखी करार असतोच असं नाही, बऱ्याचदा असतो तो फक्त एक व्हॉट्सॲप नंबर.