गर्भधारणेपूर्वीचे आणि गर्भारपणातील पोषण

गर्भ राहण्याआधीपासून प्रसूतीपर्यंत स्त्रीला मिळणारा आहार आणि त्यातून तिच्या शरीरात होणारा लोह, फोलेट, ब१२ जीवनसत्त्व, कॅल्शियम इत्यादींचा साठा या दोहोंचा विचार या विषयात होतो. ज्या नलिकेपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, आणि तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. ती नीट मिटण्यासाठी फोलेट लागते, म्हणून त्याचे कृत्रिम रूप असलेल्या फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची मात्रा आधीपासूनच सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

या विषयातील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तेथील शेतात राबणाऱ्या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. आहारातील एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांपेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली, याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध अधिक स्पष्ट दिसला. पोटभर भाकरी मिळाली म्हणजे पोषण झाले, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पालेभाजी, सुकामेवा व दूधभुकटी घातलेला समोशासारखा ताजा खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज देण्यात आला. सरसकट पाहता बाळांचे वजन वाढले नाही. मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्या मातांची बाळे तुलनेसाठीच्या गटातील बाळांपेक्षा सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, आणि गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण त्या गटात १२.४ टक्के, तर हा खाऊ मिळालेल्या गटात ७.३ टक्के आढळले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना लोहाच्या गोळ्या १८० दिवस मोफत दिल्या जातात. पण मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून त्या डब्यातच पडून राहतात, किंवा चहाबरोबर घेतल्याने लोह नीट शोषले जात नाही. वरणभातावर लिंबू पिळणे आणि चहा जेवणापासून दूर ठेवणे, एवढ्याने अन्नातील लोहाचा उपयोग वाढतो. डोहाळे कौतुकाने पुरवणाऱ्या घरातही सून सर्वांत शेवटी जेवते आणि तोवर भाजी संपलेली असते, ही अडचण मात्र गोळीने सुटत नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे चौरस जेवण अंगणवाडीतच बसवून वाढले जाते, ते यासाठीच योग्य आहे. परंतु ते गरोदर व स्तनदा मातांसाठी असल्याने, दिवस जाण्यापूर्वीची तरुणी त्या पंगतीत नसते.