वारुळावरची अळंबी आणि लॉनवरची

अळंबी कुठे उगवली यावरून तिची पारख करायची सवय फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वर्गवारीच तशी आहे: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि जमिनीतली. मनुस्मृतीने तर प्रश्नच मिटवला. पाचव्या अध्यायात कांदा-लसणाच्या पंगतीला छत्राक बसवून द्विजांना ते वर्ज्य केलं. होळकरशाहीत इंदुरात स्थिरावलेल्या बऱ्याच मराठी घरांत पुढे कांदा-लसूण आले, कुत्र्याची छत्री मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. रानातल्या अळंबीची नजर आपल्याकडे तयार झाली नाही, याचं एक कारण मला हेच वाटतं.

जागेवरून पारख आजही चालते ती वारुळावरच्या अळंबीपुरती. वाळवी वारुळात जी बुरशी पोसते, तिलाच पावसात ही छत्री फुटते. फ्रेंच कवकतज्ज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली या गटाला टर्मिटोमायसेस हे नाव दिलं. टोपीच्या मधोमध टोक असतं, आणि भोवतीची माती खुरप्याने हलकेच काढत गेलं की देठ मुळासारखा थेट वारुळाच्या पोटात उतरलेला दिसतो.

घोटाळा होतो लॉनवर. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी छत्री पहिल्यांदा वर्णिली गेली १८१८ साली, दक्षिण अमेरिकेतल्या गयानातून. पांढरी, तपकिरी खवल्यांची, देठावर कडं असलेली ही छत्री कॉलनीतल्या हिरवळीवर पाऊस पडला की हमखास येते. कोवळी असताना टोपीखालचे कल्ले, म्हणजे पातळ पापुद्रे, तेही पांढरेच. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब.

म्हणून टोपीतून झडणाऱ्या बीजाणूंचा ठसा घ्यावा. देठ कापून टोपी कागदावर ठेवायची, कल्ले खाली, वर वाटी झाकायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी मळकट हिरवा ठसा दिसला तर हीच ती. टर्मिटोमायसेसचा गुलाबीसर उमटतो, पण तेवढ्यावर फोडणी टाकू नये. एंटोलोमा नावाच्या विषारी अळंबीचाही ठसा गुलाबीच. देठ वारुळात उतरलेला पाहिला असेल तरच पुढचं बोलणं. चांदीचा चमचा, लसणाची पाकळी काळी पडते का, या परीक्षा निव्वळ फोल.

पांढरा ठसा आणि बुंध्याशी पिशवीसारखं आवरण असेल तर अमानिटा या अळंबीचा संशय घ्यावा. तिच्या जीवघेण्या जातींचं विष शिजवून जात नाही. त्रास सहसा सहा तासांनंतर सुरू होतो, मग थोडा उतारा पडतो, आणि तोवर यकृत बिघडत असतं. उतारा पडला म्हणून घरी थांबू नये. उरलेली अळंबी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.